दादाची नोकरी आणि माझा अभ्यास

सुरुवातीलाच एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मराठीत चार ओळींच्या वर लिहिलेलं शेवटचं म्हणजे आजीला पाठवलेलं पत्र! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे : नोकरी. पण 'इंटरव्ह्यू कसा द्यावा' यावर मी लिहिणार नाही, त्यासाठी टीपीओ सर आहेत. नोकरी लागल्यानंतरचे पहिले काही आठवडे कसे असतात, आणि तेही वर्षभर घरी बसल्यानंतर, ते मी जवळून पाहिलं. तेच सांगतो.

माझा मोठा भाऊ २०२३ साली कॉम्प्युटर इंजिनिअर झाला. हातात ऑफर लेटर होतं, घरी पेढे वाटून झाले होते. मग जॉइनिंगची तारीख पुढे गेली, परत पुढे गेली आणि शेवटी एक दोन ओळींची मेल आली. ऑफर रद्द! त्या वर्षी आयटीत भरती मंदावली होती, त्यामुळे तो एकटा नव्हता. पण कॉलनीतल्या काकूंना मंदी कोण समजावणार? "काय रे, अजून घरीच?" हा प्रश्न चुकवायला दादा दूध आणायला सकाळी साडेपाचला जायचा. असे चौदा महिने गेले. २३ सप्टेंबर २०२४ ला तो हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत लागला.

रिकामा वेळ

चौदा महिने वेळच वेळ होता, मग भरपूर अभ्यास झाला असेल, असं मला वाटायचं. झाला नाही. मला त्याचा रागही यायचा. पुढे ह्युमॅनिटीजच्या इलेक्टिव्हमध्ये सरांनी एक जुना अभ्यास शिकवला आणि माझे डोळे उघडले. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. जागतिक मंदीच्या सुरुवातीला तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन लोकांचं रोजचं आयुष्य टिपलं. १९३३ साली ते पुस्तकरूपाने आलं. वेळ मुबलक झाला तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं सुमारे निम्म्यावर आलं, आणि तेही वर्गणी माफ केलेली असताना! पुरुष रस्त्यातून हळू चालू लागले. अनेकांनी घड्याळ वापरणं सोडलं.

याहोडाबाईंनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसं, चार जणांनी मिळून करायचं काम, समाजात स्थान आणि हातपाय हलते ठेवणारी सक्ती. दादाचं काय चुकत होतं ते तेव्हा कळलं. तो आळशी नव्हता. त्याच्या दिवसाला कुठे सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता.

वाकडची खोली

ऑक्टोबरात मिड-सेम संपल्यावर मी पाच दिवस त्याच्याकडे राहिलो. आईने लाडवांचा डबा आणि पाच हजार रुपये दिले होते. "तो मागणार नाही, तूच दे," म्हणाली. वाकडला एका खोलीत तीन कॉट, दादाची मधली.

पहिल्या रात्री तीन वाजता जाग आली तर दादा मोबाईल घेऊन बसलेला. जॉब पोर्टलवर नोकऱ्या बघत होता! मी म्हटलं, "अरे दादा, आता कशाला?" म्हणाला, "सवय आहे रे. हीपण गेली तर?" दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आम्ही दहावीत पाठ केली होती. अर्थ त्या रात्री कळला.

सकाळी सहाला उठायचा. भूमकर चौकातलं ट्रॅफिक टाळायचं म्हणून पावणेआठची बस. ऑफिस साडेनऊचं, हा साडेआठलाच हजर. नाश्ता एक वडापाव, दुपारी मेसचा डबा. कंपनीत पगाराची यादी वीस तारखेला बंद होते आणि हा तेवीसला लागलेला. म्हणजे सप्टेंबरच्या आठ दिवसांचे पैसे ऑक्टोबरच्या पगारासोबत. खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी! नोकरी लागली म्हणजे पैसे आले, असं आपण धरून चालतो. मध्ये सव्वा महिना असतो, त्याची तजवीज आधी करावी लागते.

अडीच दिवसांचा बग

तिसऱ्या आठवड्यात त्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. फॉर्ममध्ये भरलेली जन्मतारीख सेव्ह केल्यावर एक दिवस आधीची दिसत होती. १५ तारीख भरली की १४. दादा अडीच दिवस एकटाच त्याच्याशी झगडत होता. कोणाला विचारलं नाही. का? तर "वर्षभर घरी होता, सगळं विसरला" असं लोक म्हणतील. प्रोबेशन सहा महिन्यांचं, त्यामुळे भीती आणखी.

तिसऱ्या दिवशी सीनियर मॅडमनीच विचारलं, "कुठे अडलंय?" व्हाइटबोर्डवर दहा मिनिटांत उलगडा झाला. प्रोग्रॅम तारखेसोबत रात्री बाराची वेळही धरत होता. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १५ तारखेचे भारतातले रात्रीचे बारा हे यूटीसीप्रमाणे १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हर यूटीसीवर, त्याने वेळ टाकून दिली आणि उरली १४ तारीख! जन्मतारखेला घड्याळाची गरजच नसते, ती नुसती तारीख म्हणूनच साठवायची. बदल जेमतेम चार ओळींचा.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त एक नियम घालून दिला : अर्धा तास स्वतः प्रयत्न कर, नाही जमलं तर लिहून विचार. काय करायचं होतं, काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि काय-काय करून पाहिलं. दादा सांगतो, निम्म्या वेळा हे लिहितानाच उत्तर सापडतं. मी हा नियम आता डेटा स्ट्रक्चर्सच्या लॅबमध्ये वापरतो. (लॅब असिस्टंट सर साक्षीदार आहेत!)

पॅकेज आणि पगार

हा भाग फायनल इयरने नीट वाचावा. दादाचं पॅकेज ४.२ लाख. मी लगेच बाराने भागलं : ३५,०००. दादा हसला आणि वहीत हिशोब मांडून दिला.

३५,००० मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ८४२ आणि वर्षाअखेरीस मिळाला तर मिळणारा बोनस २,००० हे आधीच वजा. उरले ३०,३५८. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००). हातात २८,३५८.

पीएफ बुडत नाही, तो आपल्याच नावावर बारा आकडी यूएएन नंबरखाली जमा होतो. नोकरी बदलली तरी नंबर तोच. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्यावरच हाती येते. तेव्हा ऑफर लेटर आलं की पॅकेज मित्रांना सांगण्याआधी त्याची फोड विचारा.

आणखी एक. शिक्षण आणि नोकरी यांच्यात गॅप असेल तर कंपनी विचारतेच. दादाकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. त्याने खरं तेच लिहिलं : नोकरी शोधत होतो. कोणी काही बोललं नाही. खोटा अनुभव दाखवायचा सल्ला देणारे खूप भेटले होते. पडताळणीत ते पकडलं गेलं असतं तर हीपण नोकरी गेली असती.

एक फोन

निघायच्या आदल्या दिवशी दादा गप्प होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याचा एक बॅचमेट, ज्याच्यासोबत तो वर्षभर रोज रात्री फोनवर प्रॉब्लेम सोडवायचा, अजून घरीच होता. नोकरी लागल्याचं दादाने त्याला सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे फोन उचलला नव्हता. "काय तोंडाने सांगू?" म्हणे. मी म्हटलं, "कॉलनीतल्या काकूंनी विचारलं की तुला लागायचं. पण ह्याने फोनच बंद केला असता तर?" दादा उठून गच्चीवर गेला. तासाने खाली आला, डोळे लाल. "शिव्या घातल्या त्याने," म्हणाला, "आणि मग विचारलं, इंटरव्ह्यूला काय-काय विचारलं ते सांग."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दादाने कंपनीच्या लॅपटॉपवर हळद-कुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. (कुंकू कीबोर्डमध्ये गेलं, ती वेगळी गोष्ट!) आईचे पाच हजार त्याने घेतले, पण वहीत 'उसने' म्हणून लिहून. पगार झाल्यावर परत केले. मार्च २०२५ मध्ये प्रोबेशन संपलं, तो कायम झाला. रात्री तीनला उठून नोकऱ्या बघणं कधी थांबलं ते त्याला आठवत नाही. मित्रालाही नंतर नोकरी लागली, दादापेक्षा जास्त पगाराची. दादा ते सगळ्यांना सांगत सुटतो.

आपल्या हॉस्टेलवरही प्लेसमेंटच्या दिवसांत हेच होतं. ज्यांचं झालं ते एका खोलीत, ज्यांचं राहिलं ते दुसऱ्या. जेवायला बसायची टेबलंसुद्धा वेगळी होतात. माझं काय होईल मला माहीत नाही. पण टेबल बदलायचं नाही, एवढं मी आणि माझ्या रूम पार्टनरने आत्ताच ठरवून टाकलंय.

असो. तूर्तास एवढंच. उद्या सबमिशन आहे!

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी