हुलग्याचे कढण : एका पातेल्यात घरभराचे जेवण



वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या महिलांचे हिमोग्लोबिन आम्ही तपासतो. ज्यांचा आकडा आठ-नऊच्या आसपास येतो, त्यांना औषधाचे बोलण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांत याचे उत्तर बहुतेक वेळा सारखेच असते. पहाटे चहा-टोस्ट. दुपारी कारखान्यात डब्यातला भात आणि पातळ आमटी. पाळी सुटल्यावर पुन्हा चहा. रात्री सगळ्यांचे उरकल्यावर उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाशी जे काही राहिले असेल ते. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर बसणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "डाळ लेकरांना गेली, मला पाणी आलं." त्या हसत म्हणाल्या. आम्हाला हसू आले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण गोळीने लोह मिळते, अंगाला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. बारा तास मागाजवळ उभे राहणाऱ्या किंवा सकाळपासून विड्या वळत बसणाऱ्या बाईचे जेवण चहा-टोस्टावर निघत असेल, तर गोळी एकटी काय करणार?

म्हणून या वेळी या पानावर औषध नाही, कालवण आहे. हुलग्याचे कढण, त्यातच शिजवलेले तांदूळ. एक पातेले, एक फोडणी, वर लिंबू. सोबत भाकरी असली तर उत्तम, नसली तरी पोट भरते.

हुलगा आपल्याला नवा नाही. आपल्या आज्या हुलग्याचे माडगे करत, कढण करत, तापातून उठलेल्याला पाजत. सोलापुरात शेजार तीन भाषांचा. कानडी घरात त्याला हुरळी म्हणतात आणि त्याचे सारू करतात, तेलुगू घरात उलवलु म्हणतात आणि उलवचारू करतात. त्यांच्याकडे ते लग्नाच्या पंगतीतही चालते. आपल्या वस्तीत मात्र मधल्या काळात हुलगा मागे पडला. "ते घोड्याचं खाणं", "गरिबाचं खाणं", "सोयरे आले तर काय म्हणतील" ही वाक्ये आम्ही ऐकली आहेत, आणि आमच्याही घरात एके काळी बोलली गेली आहेत. जे खाऊन आधीच्या पिढ्या उन्हातान्हात राबल्या त्याची आपल्याला लाज, आणि दहा रुपयांच्या पुड्यातल्या मैद्याच्या शेवयांचा अभिमान! शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजाचे खाणे नावानिशी, कृतीनिशी लिहून ठेवले. मिळाले तर जरूर वाचा. आपल्या चुलीवर काय शिजत होते याचीही नोंद हवी असते.

आता पातेल्याकडे येऊ. प्रमाण पाच माणसांचे आहे.

हुलगे २०० ग्रॅम, तांदूळ १५० ग्रॅम. हुलग्यात खडे फार असतात, ताटात पसरून नीट निवडा. दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, आठ ते बारा तास. रातपाळी असेल तर सकाळी भिजवा आणि संध्याकाळी शिजवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र भिजवलेले कडधान्य लवकर आंबते, तेव्हा मध्ये एकदा पाणी बदला. भिजवलेले पाणी झाडाला घाला. त्याने पोटात वायू धरणे कमी होते आणि अन्नातले लोह अंगी लागायला अडथळा करणारा भागही थोडा निघून जातो. सवड असेल तर एक दिवस फडक्यात बांधून मोड आणा, पचायला आणखी हलके होतात.

कुकरमध्ये सव्वा-दीड लिटर पाणी, हुलगे, चिमूटभर हळद आणि थोडे तेल. मोठ्या आचेवर पाच-सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे. दाणा बोटांत दाबला की पिठासारखा व्हायला हवा. चुलीवर करत असाल तर दीड तास धरा. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. टोमॅटो, चिंच, आंबट काहीही आधी घालू नका, आंबटाने कडधान्य शिजत नाही. आणि बोअरच्या जड पाण्यातही हुलगा तासन्तास टणक राहतो, तेव्हा शिजवायला नळाचे पाणी राखून ठेवा. पाणी रोज येत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण एवढे दोन तांबे बाजूला काढा. खायचा सोडा टाकून मऊ करायची सवय असेल तर ती सोडा. त्याने बी-१ जीवनसत्त्व नासते.

हुलगे शिजले की डावभर काढून ठेचा आणि परत घाला, त्याने कढणाला दाटपणा येतो. आता धुतलेले तांदूळ आणि आणखी लिटरभर गरम पाणी घाला. तांदूळ आधी टाकले तर त्यांची लाही होते आणि हुलगा कच्चा राहतो. झाकण न लावता वीस मिनिटे शिजू द्या, मधूनमधून तळापासून ढवळा.

दुसऱ्या चुलीवर दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, बारीक चिरलेला मोठा कांदा. कांदा लाल झाला की दोन टोमॅटो, मग घरचे काळे तिखट दोन चमचे. येसूर असेल तर एक चमचा घाला, चव वेगळीच येते. ही फोडणी पातेल्यात ओता, मीठ दीड चमच्यापेक्षा जास्त नको. शेवटी दोन मुठी पालेभाजी : चुका, मेथी, राजगिरा, तांदुळजा, जी स्वस्त असेल ती. शेवग्याचा पाला तर बऱ्याचदा फुकट मिळतो. पाच मिनिटे उकळी आली की उतरवा. वाढताना प्रत्येकाच्या ताटलीत लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातले लोह जास्त शोषले जाते, पण ते शिजवताना घातले तर उष्णतेने बरेचसे जाते. आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ द्या. चहा लोहाला आडवा येतो. जेवल्या जेवल्या चहा घेऊन मग लोहाची गोळी घेणाऱ्या कितीतरी ताई आम्हाला भेटतात.

हिशेब करून बघू. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तांदळात सात-आठ. म्हणजे या पातेल्यात साधारण ५५ ग्रॅम, माणशी ११. बाईला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. एका वेळच्या ताटलीत चौथा हिस्सा निघाला. शिवाय तांदळात जे कमी असते ते हुलग्यात भरपूर असते आणि हुलग्यात जे कमी ते तांदळात असते, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की प्रथिने अंगाला जास्त लागतात. हे गणित खरे व्हायचे तर एक अट आहे : डाव तळापासून फिरवा. वरवरचे पातळ वाढत गेलात तर घट्ट भाग ज्याच्या वाट्याला आला तो जेवला, बाकीचे पाणी प्याले.

तांदळाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, थोडे पिवळट. "प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय" म्हणून ते निवडून फेकले जातात. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात बनवलेले ते दाणे आहेत. साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. फेकू नका, तांदूळ चोळून चोळून धुऊ नका, पेज काढून टाकू नका. कढणात ते पाणी पातेल्यातच राहते, हा आणखी फायदा. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र या तांदळाविषयी डॉक्टरांना विचारा. रेशनचे धान्य हा उपकार नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो हा हक्क आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षे ते मोफत आहे. माप कमी मिळाले तर पावती मागा.

हुलगा नसेल तर अडायचे नाही. चवळी चार तास भिजवली तरी चालते, मटकी त्याहून लवकर शिजते. राजमा किंवा सुका घेवडा असेल तर रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात नीट मऊ शिजवा. अर्धकच्चा राजमा खाल्ला की उलट्या-जुलाब होतात. महिनाअखेर आहे आणि कडधान्य मूठभरच उरले आहे, तर त्यात मूठभर शेंगदाण्याचे कूट घाला, सोलापूरच्या घरात ते असतेच. ज्या घरात मांसाहार चालतो तिथे कढणात सुकट, अंडे किंवा काळजाचे चार तुकडे पडले तर त्यासारखे काही नाही. बी-१२ कडधान्यात नसते, ते दूध, अंडी, मासे, मटणातूनच मिळते. हुलगा 'गरम पडतो' म्हणून सासूबाई गरोदर सुनेला देत नसतील तर वादात वेळ घालवू नका, त्याच कृतीने मुगाचे किंवा चवळीचे करा. सुनेच्या ताटात कडधान्य पडणे महत्त्वाचे. गरोदर कामगार स्त्रीला प्रसूतीची भरपगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बोलले होते, आणि आपल्याच घरात ती बाई शेवटी जेवते.

घरात मधुमेही असेल तर हुलगे दोन भाग आणि तांदूळ एक भाग करा. रक्तदाब असेल तर मीठ निम्मे, सोबत पापड-लोणचे बंद. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्य किती चालेल हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे खाऊ नका. हुलग्याच्या पाण्याने मुतखडा विरघळतो म्हणून सहा-सहा महिने दुखणे अंगावर काढणारे आहेत, त्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. टीबीच्या रुग्णाला दोन वेळा द्या, वर तेल किंवा तूप सोडून. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. ते खाण्यासाठीच आहेत, भिशीसाठी नाहीत. म्हाताऱ्यांसाठी अर्धे कढण घोटून घ्या.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला तिखट घालण्याआधीचे काढून ठेवा. चाळणीवर घोटून साल वेगळी करा, थोडे तेल घाला. चमचा तिरपा केला तर ओघळू नये इतके घट्ट हवे. 'वरचं पाणी' पाजणे ही आपल्याकडची जुनी चूक आहे. त्या पाण्याने इवलेसे पोट भरते आणि अंगाला काही लागत नाही.

आजाऱ्याला पेज द्यायची रीत आपल्या धम्माइतकी जुनी आहे. विनयपिटकात महावग्गात यागूचे, म्हणजे तांदळाच्या पेजेचे, दहा गुण तथागतांनी सांगितले आहेत. बळ येते, भूक-तहान भागते, पोट साफ राहते, असे अगदी रोजच्या जगण्यातले. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याचा बैल हरवला होता. दिवसभर रानात हिंडून तो उपाशीच धम्म ऐकायला आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवायला वाढायला लावले आणि त्याचे जेवण झाल्यावर उपदेश सुरू केला. वाचनाच्या दिवशी विहारात चहा-बिस्किटांऐवजी हे कढण करता येईल का, याचा विहाराच्या समितीने विचार करावा. चाळीस माणसांना दीड किलो हुलगे आणि सव्वा किलो तांदूळ पुरतात.

डब्याचे राहिले. जेवणाला वेळच मिळत नाही, असे कारखान्यातल्या ताई-दादा सांगतात. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, हे १९४८च्या कारखाने अधिनियमापासून लिहिलेले आहे. तो अर्धा तास मागा, आणि एकट्याने मागण्यापेक्षा खात्यातल्या सगळ्यांनी मिळून मागा. डब्यात कढण घट्टच न्या, रुंद तोंडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. सकाळी उकळते भरा. शिजलेला भात उष्ण्यात तासन्तास राहिला की त्यात असे जंतू वाढतात, ज्यांचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून रात्रीचे कढण पातेल्यात तसेच ठेवून सकाळी डब्यात भरू नका. रात्रीचे न्यायचेच असेल तर जेवण होताच डब्यापुरते वेगळे काढा, परातीत थंड पाणी घेऊन त्यात डबा ठेवून लवकर गार करा आणि फ्रीज असेल तर त्यात ठेवा. फ्रीज नसेल तर हुलगे रात्री शिजवून ठेवण्यापेक्षा भिजवून ठेवा, पहाटे कुकर लावा. तार सुटलेले, फेस आलेले, आंबूस वासाचे कढण कितीही जिवावर आले तरी टाकून द्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खात्यात दुपारच्या सुट्टीपर्यंतच डबा ठेवा, संध्याकाळच्या चहाबरोबर उरलेले खाऊ नका.