ट्रॅक्टरची बॅटरी : तिची निगा व ती उतरल्यास उपाय

हस्ताचा पाऊस पडून गेलेला असतो व रानास वाफसा आलेला असतो. बियाण्यास औषध चोळून ठेवलेलें, पेरणीयंत्र जोडलेलें, मजूर बांधावर येऊन बसलेले; आणि सेल्फ मारावा तों ‘टक्’ असा एकच आवाज होऊन ट्रॅक्टर स्तब्ध ! मग कोणी मिस्त्रीस बोलावण्यास जातो, कोणी शेजाऱ्याकडे बॅटरी मागावयास जातो, आणि यांत दोन दिवस निघून जातात. कोरडवाहू रानांतील ओल दोन दिवसांच्या उन्हानें किती खालीं जाते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नव्या बॅटरीची किंमत दुकानांत कळते; हुकलेल्या वाफशाची किंमत खळ्यावर कळते.

अशा वेळीं “बॅटरी एकाएकीं गेली” असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु बॅटरी एकाएकीं क्वचितच जाते. खरिपाची पेरणी आटोपून ट्रॅक्टर छपराखालीं उभा राहिला, त्या दिवसापासून ती थोडी थोडी उतरत असते. आपण मात्र तिच्याकडे पाहतों तें आश्विनांत. सबब उतरलेल्या बॅटरीचा खरा इलाज पेरणीच्या दिवशीं करावयाचा नसून ट्रॅक्टर उभा करण्याच्या दिवशीं करावयाचा आहे. हें कसें, तें आम्ही पुढें क्रमानें सांगतों.

बॅटरींत काय घडतें

शिसें व गंधकाम्ल यांची पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम तयार केली. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी मूळ तत्त्व तेंच राहिलें आहे. १२ व्होल्टच्या बॅटरींत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा सुमारें २ व्होल्टचा असतो. कप्प्यांत शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पातळ गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. वीज खर्च होऊं लागली म्हणजे दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें व आम्ल अधिकाधिक पातळ होतें. बॅटरी भरूं लागलें म्हणजे ही क्रिया उलट होऊन पट्ट्या पूर्ववत् होतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. उतरलेली बॅटरी तशीच पडूं दिली, तर सल्फेटचे बारीक कण वाढून कठीण होतात व मग भरूनही ते विरघळत नाहींत. नांगरटीचें ढेकूळ ओलें असतां हातानें फुटतें. तेंच उन्हानें तापून कडक झालें म्हणजे कुळवासही दाद देत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. बॅटरी वापरून जितकी झिजते, त्याहून अर्धवट उतरलेल्या स्थितींत पडून राहिल्यानें ती अधिक लवकर निकामी होते.

उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी कां उतरते

पहिलें कारण, बॅटरी जोडलेली नसली तरी तिच्यांतील वीज आपोआप थोडी थोडी कमी होत असते, व उष्मा वाढला कीं ही गळती वाढते. दुसरें कारण आपण स्वतः निर्माण करतों. मागाहून बसविलेला गाण्यांचा संच, जादा दिवे, भोंगा यांच्या वायरी पुष्कळदां थेट बॅटरीस जोडलेल्या असतात व चावी काढली तरी त्यांतून थोडी वीज वाहत राहते. तिसरें कारण, बॅटरीच्या झाकणावर धूळ, ओल व आम्ल यांचा थर बसला म्हणजे त्यांतूनही एका टर्मिनलाकडून दुसऱ्याकडे वीज झिरपते.

दरमहा करावयाची तपासणी

यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.

(१) पाणी.— ज्या बॅटरीस बुचें आहेत तिच्या प्रत्येक कप्प्यांत पाहावें. पट्ट्या पाण्याखालीं सुमारें एक सेंटिमीटर बुडालेल्या असाव्या. बॅटरीवर खूण असल्यास ती प्रमाण मानावी. कमी असेल तेथें बॅटरीसाठीं मिळणारें शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाणीच घालावें. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यांतील क्षार पट्ट्या खराब करतात. वरून आम्ल कधींही घालूं नये. उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे. आंत पाहण्यासाठीं काडी ओढूं नये, विजेरी वापरावी.

(२) टर्मिनलें.— त्यांवर पांढरा किंवा हिरवट निळा खार चढला असेल, तर वायरी काढून पेलाभर कोमट पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यानें तीं धुवावीं. त्या वेळीं बुचें घट्ट असावीं. सोडा आंत जातां कामा नये. पुसून, वायरी घट्ट बसवून, वरून व्हॅसलिनाचा हात द्यावा.

(३) पट्टा व बैठक.— आल्टर्नेटरचा पट्टा सैल असेल तर इंजिन दिवसभर चालूनही बॅटरी भरत नाहीं. बॅटरी बैठकींत हलत असेल तर धक्क्यांनीं आंतील पट्ट्यांवरचा लेप गळतो. म्हणून पकड आवळावी.

(४) व्होल्ट.— साधा मल्टीमीटर घरीं अवश्य असावा. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळीं मोजावें. १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखविल्यास बॅटरी भरलेली, १२.२ च्या सुमारास असल्यास अर्धी, व १२ च्या खालीं गेल्यास जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असतां हाच आंकडा सुमारें १३.८ ते १४.४ असावा; तसा नसल्यास दोष भरणाऱ्या यंत्रणेंत शोधावा.

ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा ठेवतांना

ट्रॅक्टर महिनाभर किंवा अधिक काळ चालणार नसेल, तर बॅटरी प्रथम पूर्ण भरून घ्यावी. नंतर ऋण, म्हणजे वजा खुणेची, वायर आधीं सोडावी व मग अधिक खुणेची. हा क्रम उगाच सांगितलेला नाहीं. ऋण वायर ट्रॅक्टरच्या अंगास जोडलेली असते. ती असतांना अधिक बाजूचा नट फिरवितांना पाना लोखंडास टेकला तर मोठी ठिणगी उडते. जोडतांना अर्थातच क्रम उलट. बॅटरी कोरड्या, थंड जागीं मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी व महिन्यांतून एकदां व्होल्ट पाहून १२.४ च्या खालीं गेल्यास पुन्हां भरावी. फरशीवर ठेवल्यानें बॅटरी उतरते अशी एक समजूत आहे. हल्लींच्या प्लास्टिकच्या पेटीच्या बाबतींत तिला आधार नाहीं. फळी घातली तर नुकसान नाहीं, परंतु फळी घालून भरणें चुकविलें तर नुकसान आहे.

मधून मधून इंजिन पांच मिनिटें चालवून ठेवलें म्हणजे झालें, असेंही कित्येक समजतात. सेल्फनें घेतलेली वीज कदाचित् तेवढ्यानें भरून निघेल. आधींची तूट भरून निघत नाहीं.

बॅटरी उतरलीच तर

प्रथम दोष बॅटरीचाच आहे ना, हें पाहावें. दिवे लख्ख लागत असून सेल्फ फिरत नसेल, तर सैल टर्मिनल, किंवा क्लच अगर गियरशीं जोडलेला सुरक्षेचा स्विच तपासावा. सेल्फ मारतांना दिवे मंदावत असतील तर बॅटरी उतरली असा संशय घ्यावा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचें साहाय्य घेणें झाल्यास ती १२ व्होल्टचीच असावी. ट्रक व बस यांत पुष्कळदां २४ व्होल्टची मांडणी असते. दोन्ही वाहनें एकमेकांस टेकूं देऊं नयेत, दोन्ही बंद व न्यूट्रलमध्यें असावीं. मग जाड जोडवायरी या क्रमानें लावाव्या : लाल वायरीचें एक टोंक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलास, दुसरें चांगल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलास, काळ्या वायरीचें एक टोंक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलास, आणि शेवटचें टोंक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडीस ठिणगी उडते व बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु पेट घेतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें तरी पुरे होतें. याच कारणास्तव तेथें विडी ओढूं नये. चांगली गाडी पांच मिनिटें चालवून मग सेल्फ मारावा. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक नाहीं, व मध्यें मिनिटभर विसावा द्यावा. वायरी उलट क्रमानें काढाव्या. पुस्तिकेंत निराळी सूचना असल्यास, विशेषतः इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या ट्रॅक्टरांत, तीच पाळावी.

दोन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. शेजाऱ्याची बॅटरी लावून ट्रॅक्टर चालू करावयाचा व इंजिन चालू असतांच ती काढून परत द्यावयाची, ही रीत आल्टर्नेटरच्या जिवावर बेतते. आणि जमिनीवर उभें राहून स्क्रू-ड्रायव्हरनें सेल्फचीं टर्मिनलें जोडून इंजिन चालू करणें, ही रीत तर माणसाच्या जिवावर बेतते. असें केल्यानें सुरक्षेचा स्विच टळतो. ट्रॅक्टर गियरमध्यें राहिला असेल तर तो तत्काळ चालूं लागतो, आणि माणूस मागील चाकासमोरच उभा असतो. एका पेरणीसाठीं हा सौदा कोणत्याही घरास परवडणारा नाहीं.

आम्ल अंगावर उडाल्यास ताबडतोब भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटें धुवून डॉक्टरांकडे जावें.

ट्रॅक्टर चालू झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्याच दिवशीं बॅटरी चार्जरवर लावून हळू भरावी. साधारण नियम असा कीं, बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिले असतील त्याच्या दशांश अँपिअरनें भरावें. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस सुमारें ८ अँपिअर. पूर्ण भरूनही सेल्फ मारतांना आंकडा ९.६ व्होल्टच्या खालीं जात असेल, तर वायरी व सेल्फ तपासून ते निर्दोष निघाल्यास बॅटरी बदलावी. जुनी बॅटरी दुकानदारास परत द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांचाही रोख तोच आहे. तिचें आम्ल बांधावर ओतूं नये. त्यांत शिसें असतें व तें विषारी आहे.

बैल उभा असला तरी त्यास वैरण घालावी लागते, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचेंही तसेंच आहे. महिन्यांतील एक सकाळ तिच्यासाठीं ठरवावी, म्हणजे वाफशाच्या सकाळीं ती आपणांस उभें करून ठेवणार नाहीं.