बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका



गेल्या महिन्यात वस्तीतली एक ताई म्हणाली, "सिस्टर, वजन वाढलं, ताकद आली, म्हणून एआरटीच्या गोळ्या बंद केल्या." चार महिने झाले होते. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सीडी-४ नावाच्या पेशी असतात. जंतू आला की बाकीच्या पेशींना कामाला लावायचं काम त्यांचं. एचआयव्ही नेमका यांच्यातच शिरतो. पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, तिच्याकडूनच स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेतो. पेशी मरते, नवे विषाणू पुढच्या पेशी गाठतात. शरीर नव्या पेशी बनवत राहतं, म्हणून माणूस कित्येक वर्षं ठणठणीत दिसतो. ऊसतोडीला जातो, ट्रक चालवतो. तोंडाकडं बघून एचआयव्ही ओळखता येत नाही तो यामुळंच.

निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ असतात. उपचार नसले तर बहुतेकांचा आकडा आठ-दहा वर्षांत २०० च्या खाली येतो. ही एड्सची अवस्था. मग तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब, न्यूमोनिया. टीबी तर त्याआधीही गाठतो. आपल्यातल्या अनेकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो. पहारा ढिला पडला की तो उठतो. 'एड्सनं गेला' असं आपण म्हणतो, तो पुष्कळदा टीबीनं गेलेला असतो.

गोळ्या विषाणूला प्रती काढू देत नाहीत, म्हणून सीडी-४ पुन्हा वाढतात. पण काही पेशींत तो गप्प लपून राहतो, तिथं गोळीचं काही चालत नाही. गोळी थांबली की बहुधा काही आठवड्यांतच तो परत वाढायला लागतो. कधी घेतली, कधी चुकवली, तर गोळीला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो.

सांगलीत 'संग्राम' संस्थेनं १९९२ साली धंदा करणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केलं, तेव्हा फुकट गोळ्या नव्हत्या. सरकारनं त्या १ एप्रिल २००४ पासून सुरू केल्या. २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असोत, निदान झालं की लगेच गोळ्या मिळतात.

ताईनं खरं कारण नंतर सांगितलं. केंद्राच्या रांगेत तिला गल्लीतल्या बाईनं पाहिलं होतं. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, पण गल्लीतल्या कुजबुजीला कोण आवरणार? ते आपल्याच हातात आहे.

सोमवारी तिच्याबरोबर केंद्रावर गेले. रक्त दिलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. कुणाला विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.