मीठ कोणते, हे विचारावयाचे राहिले

आहारशास्त्राच्या प्रशिक्षणार्थीला रुग्णालयातील मधुमेह, शस्त्रक्रिया, अतिदक्षता, मूत्रपिंडविकार अशा विभागांत आळीपाळीने काम करावे लागते. बडोद्यातील एका रुग्णालयात मी हे प्रशिक्षण घेतले. मूत्रपिंडविकार विभागातील एक अनुभव येथे नमूद करीत आहे. कारण त्यातील बोध घरोघरी उपयोगी पडावा.

सत्तरीच्या घरातील एका मराठी गृहस्थांना उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुना विकार होता. मी त्यांना आहाराचा तक्ता करून दिला : मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी, पापड, लोणचे, फरसाण वर्ज्य. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतूनही सोडिअम पोटात जाते, हेही समजावले. तक्त्यात काही उणे राहिले आहे असे मला वाटले नाही.

पंधरा दिवसांनी ते अशक्तपणामुळे पुन्हा दाखल झाले. रक्तातील पोटॅशिअम ६.४ भरले. सर्वसाधारण मर्यादा ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असते. त्यापलीकडे ते फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून जीव धोक्यात येतो. डॉक्टरांनी तातडीने उपचार केले. मी नारळपाणी, केळी, फळांचे रस यांची चौकशी केली; ते सारे बंदच होते. तेव्हा आमच्या वरिष्ठ मॅडमनी विचारले, "काकू, घरात मीठ कोणतं वापरता?"

काकू म्हणाल्या, "यांना मीठ कमी सांगितलंय ना, म्हणून मुलानं मुद्दाम कमी सोडिअमचं आणलंय. आता हात आखडावा लागत नाही."

अशा मिठात सोडिअम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशिअम क्लोराइड घातलेले असते. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशिअम असते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशिअम बाहेर टाकते. दुर्बल मूत्रपिंडाला ते साधत नाही. त्यातच एसीई इन्हिबिटर, एआरबी किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे चालू असल्यास धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली. मात्र मूत्रपिंडविकाराचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना त्यातून वगळले. सैंधवाचा पर्यायही फसवा आहे. तेही मुख्यतः सोडिअम क्लोराइडच होय.

चूक काकूंची नव्हती. किती मीठ, एवढेच मी सांगितले होते. कोणते, हे विचारले नव्हते. डॉक्टरबंधूंना विनंती, की अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर 'कमी सोडिअमचे मीठ नको' हे स्पष्ट लिहावे. स्वाद आणण्यासाठी लिंबाचे थेंब, जिरे, आले, लसूण यांचा बेताने उपयोग करता येतो. पोटॅशिअम कमी करावयाचे असल्यास भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे.

आता तक्ता लिहिण्यापूर्वी मी रुग्णाच्या घरच्यांना मिठाची पिशवी सोबत आणावयास सांगते आणि तिच्यावरील घटक स्वतः वाचते.