मोठ्या बाजारात उतरण्याआधी 'वयोगटाची स्पर्धा' खेळा



सातारा-सांगलीकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, आमचं गाव छोटं. धंदा मोठा करायचा तर थेट पुण्या-मुंबईतच दुकान टाकू का?" कर्ज काढायच्या आधी हा पाठ शांतपणे वाचा. आज उदाहरणं खेळातली आहेत, पण हिशोब आपल्या धंद्याचाच आहे.

आइसलँड हा युरोपातला बेटावरचा देश. २०१६ साली लोकसंख्या होती साधारण ३.३ लाख. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचीच लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाखांच्या वर होती. म्हणजे सांगलीपेक्षा छोटा देश! तिथे थंडी इतकी की वर्षातले कित्येक महिने बाहेर फुटबॉल खेळणं अवघड. मग त्यांनी काय केलं? २००० सालापासून छताखाली पूर्ण आकाराची मैदानं बांधली आणि लहान मुलांनाही शिकलेले, परवानाधारक प्रशिक्षक दिले. आधी सरावाची सोय केली.

२०११ मध्ये त्यांचा २१ वर्षांखालील संघ डेन्मार्कला युरोपियन स्पर्धेत पोहोचला. पहिले दोन सामने हरले, तिसऱ्यात यजमान डेन्मार्कला ३-१ ने हरवलं आणि साखळीतूनच घरी परतले. कप मिळाला नाही. पण त्यातलीच गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुनार्सन ही पोरं २०१६ च्या युरो स्पर्धेत मुख्य संघात होती. त्या संघाने इंग्लंडला २-१ ने हरवलं. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाला १-१ असं बरोबरीत रोखलं.

आता आपल्या घरचं उदाहरण. सातारा जिल्ह्यातली अदिती स्वामी. वडील शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलीच्या तिरंदाजीसाठी कुटुंब शेरेवाडी सोडून साताऱ्यात राहायला आलं. उसाच्या शेतातल्या मैदानावर प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे तिचा सराव चालायचा. धनुष्य-बाणांसाठी वडिलांनी कर्जही काढलं.

२०२३ चा क्रम नीट बघा. जूनमध्ये कोलंबियातल्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत तिने ७२० पैकी ७११ गुण मिळवले. १८ वर्षांखालील गटाचा तो जागतिक विक्रम ठरला. जुलैमध्ये आयर्लंडला ती १८ वर्षांखालील विश्वविजेती झाली. ५ ऑगस्टला बर्लिनमध्ये मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेची फायनल होती. १७ वर्षांच्या अदितीने १५० पैकी १४९ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. १५ बाणांत १४ वेळा १० आणि एकदा ९.

बर्लिनला जाताना तिच्याकडे आकडे होते. आपण किती गुण मारू शकतो, हे तिला आधीच माहीत होतं. मोठ्या बाजारात जाताना तुमच्याकडे कोणते आकडे आहेत?

समजा, तुम्ही सांगलीत हळद पावडरचा ब्रँड काढताय. पुण्यात गाळा, डिपॉझिट, छापील पाकिटं यात पैसे घालण्याआधी आपल्याच भागात ५० घरी पाकीट विका. फुकट वाटू नका, पूर्ण किंमत घ्या. मग वहीत तीन आकडे लिहा:

१. तुम्ही फोन न करता किती घरांनी दुसऱ्यांदा मागितलं?
२. दळण, पॅकिंग, वाहतूक आणि तुमची स्वतःची मजुरी धरून एका पाकिटामागे किती उरलं?
३. तक्रार कशाची आली? रंग, वास, वजन की पाकीट?

नातेवाईकांची घरं यात मोजू नका. काका-मामा कौतुक करतातच, त्याला मागणी म्हणत नाहीत.

समजा, ५० पैकी ६ घरांनीच परत मागितलं. मग पुण्याचा गाळा थांबवा आणि माल सुधारा. वाईट वाटेल, पण ही हार ५० पाकिटांची आहे, दोन वर्षांच्या हप्त्यांची नाही. २०११ ला आइसलँड असंच स्वस्तात हरलं आणि संघ घेऊन पुढे गेलं. पण ३० घरांनी परत मागितलं आणि पाकिटामागे पैसेही उरले, तर आधी शेजारच्या तालुक्यात तसेच आकडे येतात का बघा. आले की मग खुशाल पुणे गाठा.

एक गोष्ट कर्जाबद्दल. स्वामी कुटुंबाने उधारी केली ती साहित्यासाठी, म्हणजे ज्याने रोजचा सराव होतो त्यासाठी. तुमचाही पहिला रुपया मालाच्या दर्जावर आणि तुमच्या शिकण्यावर जाऊ दे. काचेचा दरवाजा आणि चमकणारा बोर्ड नंतर.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्याची 'वयोगटाची स्पर्धा' कोणती? आठवडी बाजार, एक सोसायटी, एक शाळा की एक गल्ली? नाव लिहा, तारीख टाका, आणि वरचे तीन आकडे खाली कमेंटमध्ये कळवा. कमी आले तरी लाजू नका. पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यांवर बोलू.