गोळी वाढली, छाती धडधडू लागली: बेंगळुरूत कशावर किती खर्च करावा

थायरॉइडची गोळी 75 मायक्रोग्रॅमवरून 100 वर नेल्याला तिसरा आठवडा चालू होता. रात्री अडीचला जाग आली तेव्हा उशीवर टेकलेल्या कानात माझाच ठोका ऐकू येत होता, तीन मजले चढून आल्यासारखा. घर जयनगरला. नवऱ्याने रिक्षात घालून जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेलं. नोंदणी, ईसीजी, ट्रोपोनिन, रक्ताच्या बऱ्याच तपासण्या, चार तास निरीक्षण. बिल झालं सात हजार चारशे. ठोका जलद पण नियमित, हृदयाला इजा नाही, असं सांगून घरी सोडलं. डोस नुकताच वाढलाय हे मी दोनदा सांगितलं, ते कागदावर लिहिलंही गेलं. पण उद्या सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे कुणीच बोललं नाही.

त्या रात्री जाण्यात चूक नव्हती, हे आधी स्पष्ट सांगते. चूक पुढच्या दोन महिन्यांत झाली. त्या काळात घातलेले निम्म्याहून जास्त पैसे चुकीच्या वेळी केलेल्या तपासण्यांवर गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हा हिशेब मांडते आहे. दर बेंगळुरूतले आणि ढोबळ आहेत. भागाप्रमाणे, रुग्णालयाप्रमाणे वर-खाली होतील.

पैशाचा विचार कधी करायचाच नाही, ते आधी. धडधडीबरोबर छातीत दुखतंय, दम लागतोय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय किंवा शुद्ध हरपली, तर थेट 108 ला फोन करा. निवांत बसूनही नाडी 120 च्या वर राहते आणि खाली येत नाही, तेव्हाही तसंच. ठोके वेडेवाकडे पडत असतील, वय साठीच्या पुढे असेल किंवा आधीपासून हृदयविकार असेल, तर ईसीजी त्याच दिवशी झाला पाहिजे. बन्नेरघट्टा रस्त्यावरची जयदेव हृदयरोग संस्था ही सरकारी स्वायत्त संस्था आहे आणि तिचा तातडीचा विभाग रात्रंदिवस चालू असतो. कन्नड येत नसेल तर ‘एदे डवडव होडकोळता इदे’ एवढं पाठ करून ठेवा. छाती धडधडतेय, हे दारावरच्या रखवालदारालाही त्यातून कळतं.

बाकीच्यांसाठी पहिला तास फुकटचा आहे. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण मधेच चुकणारा ठोका त्यात निसटतो. विसावलेल्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर तो काढा. आकडा तो दाखवतो, पण ठोक्यांची लय सांगायला बोटंच हवीत. मग एका वहीत तारीख, वेळ, नाडी, गोळी किती वाजता घेतली आणि कॉफी किती वाजता, हे लिहा. दहा दिवसांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली तर एखादी महागडी तपासणी वाचते, हे मी अनुभवाने सांगते.

ही वही लिहितानाच माझं कोडं सुटलं. डोस वाढला होता तो टीएसएच 9 आला म्हणून. टीएसएच जास्त म्हणजे गोळी कमी पडतेय, असा साधा अर्थ. पण मी गोळी घेऊन दहाव्या मिनिटाला फिल्टर कॉफीचा पेला तोंडाला लावत होते आणि नाश्त्याबरोबर कॅल्शियमची गोळी. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, आतड्यातून रक्तात उतरायला रिकामं पोट लागतं. कॉफी, दूध, कॅल्शियम, लोह, सोयाबीन हे सगळे त्याच्या वाटेत आडवे येतात. गोळीनंतर निदान अर्धा तास, शक्यतो एक तास काही खाऊ-पिऊ नये, आणि ही गोळी व कॅल्शियम-लोह यांच्यात चार तासांचं अंतर हवं. ओळखीच्या एका फार्मासिस्टताईंनी हे समजावलं तेव्हा डोस नुकताच वाढला होता. मी त्याच आठवड्यात कॉफी आठवर ढकलली, कॅल्शियम रात्री नेलं. म्हणजे डोसही वाढला आणि तो अंगी लागण्याचं प्रमाणही वाढलं, दोन्ही एकाच वेळी. माझं वजन 56 किलो. ज्यांची ग्रंथी जवळजवळ कामच करत नाही त्यांना किलोमागे सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे माझ्या वजनाला 90 च्या आसपास. माझी ग्रंथी तर अजून थोडं काम करत होती.

म्हणून डॉक्टर डोस वाढवू लागले की आधी सांगा, ‘गोळी मी अशी अशी घेते.’ या वाक्याला पैसे पडत नाहीत. बेंगळुरूत सकाळची कॉफी सुटणं कठीण, हे मला मान्य आहे. ज्यांना ते जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घ्यावी. नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्रीची गोळी सकाळच्या गोळीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच लागू पडलेली दिसली.

आता तपासण्या. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. धडधड सुरू झाल्यावर, म्हणजे डोस वाढल्यापासून अठराव्या दिवशी, मी टीएसएच केला, तो 2.1 आला, ‘नॉर्मल’. मी निर्धास्त झाले आणि तीच गोळी चालू ठेवली. सातव्या आठवड्यात आकडा आला 0.08. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, आणि डोस बदलल्यावर नवीन पातळी स्थिरावायला सहा आठवडे. टीएसएच तर त्याहूनही मागून चालत येतो. म्हणून डोस बदलल्यावर नेहमीची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. मधेच धडधडू लागलं तर टीएसएचच्या जोडीला फ्री टी4 मागा, कारण गोळी जास्त होतेय की नाही हे तो लवकर सांगतो. फक्त टीएसएच 150 ते 400 रुपये, फ्री टी4 सुमारे 250 ते 450. टी3, टी4, टीएसएच असा एकत्र संच 400 ते 800 पर्यंत जातो, पण गोळी घेणाऱ्या बहुतेकांना डोस ठरवताना टी3 ची गरज नसते. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येतात. आणि दर वेळी प्रयोगशाळा एकच ठेवा.

थायरॉइडची तपासणी आपल्याकडे एवढी स्वस्त कशी, त्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेल्या डॉ. ए. वेलुमणी यांनी 1996 मध्ये मुंबईत थायरोकेअर सुरू केली. गावोगावचे नमुने एका जागी आणायचे आणि मोठ्या यंत्रांवर एकदम तपासायचे, ही त्यांची रीत. त्याने दर खाली आले, सामान्य घरातल्या बायकांना तपासणी परवडू लागली. ते मोठं काम झालं. पण त्याच स्वस्ताईतून आता ‘ऐंशी तपासण्या पंधराशेत’ अशी पॅकेजं दारात येतात. धडधडीसाठी ती घेऊ नका. टीएसएच, फ्री टी4 आणि हिमोग्लोबिनसाठी सीबीसी, एवढं पुरतं. सीबीसी 250 ते 400 रुपयांत होते आणि ती वगळू नये. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या कितीतरी बायकांची धडधड थायरॉइडची नसते, अंगात रक्त कमी असल्याची असते. गोळी आणि धडधड एकाच महिन्यात आल्या की दोष गोळीवर जातो आणि खरं कारण राहून जातं. सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचा सालब्युटामॉल पंप यांनीही ठोके वाढतात. तेही वहीत लिहा.

मग पहिली फेरी केवढ्यात होते? जवळच्या डॉक्टरांची फी 400 ते 600, दवाखान्यातच ईसीजी 200 ते 500, वरच्या तीन तपासण्या हजारच्या आत-बाहेर. सोळाशे ते एकवीसशे रुपयांत अर्ध्याहून जास्त चित्र स्पष्ट होतं. एंडोक्रिनोलॉजिस्टकडे जायचं असेल तर फी 700 ते 1500. मात्र हे रिपोर्ट हातात घेऊनच जा, म्हणजे एका भेटीत निर्णय होतो. होल्टर, म्हणजे चोवीस तास छातीवर लावून फिरायचं यंत्र, 2000 ते 4500 रुपयांचं. धडधड रोज होत असेल तरच त्यात काही सापडतं. आठवड्यातून एकदा होणारी धडधड त्या चोवीस तासांत बहुधा गप्प बसते, आणि पैसे वाया जातात. डॉक्टर होल्टर सुचवतील तेव्हा वही दाखवून विचारा, ‘इतक्या वेळाने होतं, एका दिवसात पकडलं जाईल का?’

औषधाला मात्र फारसं काही पडत नाही. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स यांपैकी कुठलीही घ्या, रोजचा खर्च दोन रुपयांच्या आसपास. त्यामुळे इथे दोन-चार रुपये वाचवायला ब्रँड बदलू नका. कंपनी बदलली की शरीरात उतरणारं प्रमाण किंचित बदलू शकतं, आणि मग सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करणं आलं. मेडिकलवाला ‘हेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणाला तर थांबा. बाटलीवरचा आकडाही नीट वाचा. 12.5 पासून 150 पर्यंत इतक्या ताकदीच्या गोळ्या मिळतात की 88 ऐवजी 100 ची बाटली हातात पडायला वेळ लागत नाही.

गोळी जास्त झाल्याचं कळलं की डॉक्टर डोस कमी करतात आणि रक्तातलं प्रमाण उतरेपर्यंत कधी कधी ठोके मंदावणारं प्रोप्रानोलॉल देतात. तेही स्वस्त आहे. पण घरातल्या दुसऱ्या कुणाची पट्टी उघडून ते घेऊ नका, दमा असलेल्यांना त्याने जिवावर बेतू शकतं. आणि घाबरून थायरॉइडची गोळी स्वतःहून बंदही करू नका. एक दिवस चुकवून धडधड थांबत नाही, कारण आठवड्यानंतरही निम्मं औषध रक्तात असतं. गर्भवतींनी तर अजिबात नाही. थायरॉइडच्या कर्करोगानंतर डॉक्टर ज्यांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, त्यांचं गणितच वेगळं आहे. कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांची ग्रंथी जास्त काम करते त्यांनी, ताप आणि घसादुखी एकत्र आली तर त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना दाखवावं.

‘थोडं धडधडलं तर काय होतंय’ असं म्हणणारे असतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून 1994 मध्ये दिसलं की साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच 0.1 किंवा त्याखाली होता, त्यांना पुढच्या दहा वर्षांत एट्रियल फायब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा विकार, होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. त्यातून पक्षाघात होऊ शकतो. माझ्या सासूबाई बहात्तरच्या आहेत. त्यांचा टीएसएच 5 असूनही डॉक्टरांनी डोस वाढवला नाही तेव्हा मला काळजी वाटली होती. आता कळतं की त्या वयात थोडा वरचा आकडा चालतो. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर सुरुवातच 12.5 किंवा 25 ने करून हळूहळू वाढवतात.

ज्यांना दोन हजारही जड जातात त्यांच्यासाठी या शहरात सोय आहे. जयदेवच्या बाह्यरुग्ण विभागात खासगीच्या मानाने फारच कमी दरात ईसीजी आणि इको होतात, पण सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं. के. आर. मार्केटजवळचं व्हिक्टोरिया आणि शिवाजीनगरचं बौरिंग ही सरकारी रुग्णालयं आहेत. वॉर्डातल्या ‘नम्मा क्लिनिक’मध्ये डॉक्टर फुकट पाहतात. पगार महिना 21000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयाचा हक्क सोडू नका. आपल्याकडच्या कितीतरी मुली इथे कारखान्यांत, दुकानांत काम करतात, दर महिन्याला पैसे कापले जातात आणि कार्ड मात्र काढलेलं नसतं. कोरमंगलाच्या सेंट जॉन्सला एंडोक्रिनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे.

नेहमीचा आरोग्यविमा यातलं जवळजवळ काहीच देत नाही, कारण हा सगळा बाह्यरुग्ण खर्च आहे. मात्र जुन्या करप्रणालीत असाल तर कलम 80डी खाली प्रतिबंधक तपासण्यांसाठी 5000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, पावत्या जपून ठेवा. खासगी रुग्णालयाने दरपत्रक लावणं कर्नाटकच्या 2007 च्या खासगी वैद्यकीय आस्थापना (केपीएमई) कायद्याने बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर काउंटरवर मागा, तपासणीआधी आकडा विचारा. न केलेल्या गोष्टीचे पैसे बिलात दिसले तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

माझा डोस परत 75 वर आला. कॉफी आठ वाजता, कॅल्शियम रात्री, तेवढा बदल कायम राहिला. सात आठवड्यांनी टीएसएच 1.9. त्या वेळचा सगळा खर्च 250 रुपये, रक्त घ्यायला मुलगा घरी आला होता. आता नवीन बाटली उघडली की झाकणावर मार्करने तारीख लिहिते, आणि डोस बदलला असेल तर सहा आठवडे मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाला गोल करते.