डिंकावर जगणारे चिमुकले माकड

बाभळीच्या सालीवर घाव पडला म्हणजे त्यातून डिंक पाझरतो, हे आमच्या खेडोपाडीच्या वाचकांस सांगावयास नको. अशाच डिंकावर ज्याचा संसार चालतो असे एक माकड दक्षिण अमेरिकेत आहे. त्यास पिग्मी मार्मोसेट म्हणतात. ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात, ब्राझील, पेरू, एक्वाडोर, कोलंबिया व बोलिव्हिया ह्या देशांच्या अरण्यांत त्याची वस्ती आहे.

जगातील सर्व माकडांत हे लहान होय. वजन सुमारे १०० ते १२० ग्रॅम. अंगाची लांबी वीतभरही नाही, शेपटी मात्र अंगाहून लांब. (मादागास्करात ह्याहून लहान असे लेमूर आहेत, पण लेमूर म्हणजे माकड नव्हे.)

त्याचे खालचे पुढील दात पटाशीचे काम करतात. त्यांनी ते सालीस भोक पाडते आणि पाझरलेला रस चाटते. जुन्या झाडावर अशी शेकडो भोके दिसतात. बोटांस अणकुचीदार नख्या असल्यामुळे खारीप्रमाणे उभ्या खोडास बिलगून राहणे त्यास सोपे जाते. मधून मधून टोळ व इतर कीटकही ते खाते, परंतु मुख्य अन्न डिंकच.

ह्याचे कुटुंब पाहण्याजोगे असते. मादीस बहुधा जुळी पिले होतात. एवढ्याशा आईस दोघांचे ओझे फार. म्हणून बाप व थोरली भावंडे त्यांस पाठीवर वाहतात आणि दूध पाजावयास आईकडे देतात. पिले मोठ्यांचे निरनिराळे आवाज एकात एक मिसळून सारखी बडबडत असतात, अगदी आपल्या तान्ह्या मुलांसारखी, आणि ती बडबड ऐकून वडीलधारी जवळ येतात, असे अभ्यासकांस आढळले आहे.

हे चिमुकले रूपच त्याच्या जिवावर उठले आहे. खिशात मावेल असे माकड म्हणून हौसेने ते विकत घेणारे लोक आहेत, व त्यांच्यासाठी पिले रानातून धरली जातात. ज्याचा दिवस भावंडांच्या पाठीवर जावयाचा त्यास पिंजऱ्यात एकटे ठेवणे, ह्यास आम्ही तरी लळा म्हणणार नाही.

रानातही त्याचा पसारा थोडाच. एक कुटुंब बहुधा अडीच एकरांहून कमी जागेत, एकदोन डिंकाच्या झाडांभोवती राहते. त्या झाडांचा रस आटला म्हणजे सारी मंडळी दुसऱ्या झाडाकडे निघते. मात्र जेथे रान तोडून कुरणे केली आहेत तेथे जवळपास दुसरे झाड नसते.